हलकी चकती, लांब फेक

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी आज बोलणाऱ्यांना एक अट घातली आहे. नोकरी, फ्लॅट, मुलांचे टक्के आणि गुडघेदुखी या चार विषयांवर बोलायचं नाही. अट ऐकून तिघांनी नावं मागे घेतली, म्हणून माझा नंबर लागला. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि सध्या अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरात राहते, एवढं सांगून तो विषय संपवते. आज मी माझ्या खेळाबद्दल बोलणार आहे. त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. हातात ताकद बेताची असेल तर वस्तू लांब कशी फेकायची?

पिशवीत तीन चकत्या आणल्या आहेत. लाल, पिवळी आणि निळी. पहिल्या रांगेपासून मागे फिरवा, हातात घेऊन तोलून बघा, कडेवरून बोट फिरवा. फेकू मात्र नका. या सभागृहाच्या काचांची भरपाई आपल्या तुकडीनं एकदा केलेली आहे, कुणाच्या चेंडूमुळे ते सगळ्यांना माहीत आहे.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. गोल्फ म्हटलं की डोळ्यांपुढे क्लब, टोप्या आणि सदस्यत्वाची फी येते. इथे यातलं काही नाही. काठी नाही, चेंडू नाही. हातानं चकती फेकायची. दूर एका खांबावर लोखंडी साखळ्या लोंबत असतात आणि त्यांच्याखाली टोपली असते. चकती साखळ्यांना लागून टोपलीत पडली की एक होल पूर्ण. अशी सहसा अठरा होलं असतात. सगळ्यात कमी फेकींत जो संपवेल तो जिंकला. बरीचशी मैदानं सार्वजनिक बागांत असतात आणि तिथे खेळायला पैसे पडत नाहीत. एक चकती साधारण पंधरा-वीस डॉलरला येते. हरवली नाही तर वर्षानुवर्षं टिकते. पण हरवते फार.

या खेळाचा जन्म फ्रिस्बीतून झाला. फ्रेड मॉरिसन यांनी बनवलेली प्लॅस्टिकची उडती चकती व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीनं १९५७ साली बाजारात आणली. पुढे त्याच कंपनीतले एड हेड्रिक यांनी तिच्या पाठीवर गोल रेघा उठवून तिचं उड्डाण स्थिर केलं. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिलं कायमचं डिस्क गोल्फ मैदान त्यांनीच आखलं. सुरुवातीला नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर भांडणं व्हायची, म्हणून त्यांनी साखळ्यांची टोपली शोधून काढली. साखळी वाजली की वाद संपला. १९७६ साली त्यांनी खेळाडूंची व्यावसायिक संघटना काढली. २००२ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या ओतल्या गेल्या. आपल्याकडे रक्षा नदीत सोडतात. यांनी हवेत सोडायची सोय करून ठेवली.

शार्लट हे या खेळाचं माहेरघरच म्हणा. हॉर्नेट्स नेस्ट पार्कसारखी नावाजलेली मैदानं तिथे आहेत. २०१२ साली व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा शार्लटला झाली. जवळच साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिल गावात, विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात, १९९९ पासून अमेरिकेची मानाची स्पर्धा भरते. आमच्याकडची माती कोकणातल्यासारखी लाल आणि चिकट आहे, आणि मैदानाच्या दोन्ही बाजूंना पाइनची उंच झाडं असतात. चकती सरळ गेली नाही की ती झाड शोधते. झाड सापडलं नाही तर ओढा शोधते.

आता चकत्यांकडे येते. त्यांच्या मुख्य जाती तीन. जवळून टोपलीत टाकायला पटर, मधल्या अंतराला मिडरेंज आणि लांब फेकायला ड्रायव्हर. तुमच्या हातांत आहेत ते तिन्ही ड्रायव्हर आहेत. कड पाहा. फ्रिस्बीची कड जाड आणि बोथट असते, ही पात्यासारखी निमुळती आहे. अशा उतरत्या कडेची ईगल नावाची पहिली चकती डेव्ह ड्युनिपेस यांनी १९८३ साली केली आणि त्यातून इनोव्हा ही कंपनी उभी राहिली. त्या कडेमुळे चकती हवा कापत जाते आणि फेकीचं अंतर एकदम वाढलं.

इनोव्हाच्या चकतीवर चार आकडे छापलेले असतात. पहिला स्पीड, म्हणजे ही चकती नीट उडायला किती वेग लागतो. दुसरा ग्लाइड, म्हणजे ती हवेत किती तरंगते. तिसरा टर्न आणि चौथा फेड, म्हणजे ती सुरुवातीला एका बाजूला किती कलते आणि शेवटी वेग सरल्यावर दुसऱ्या बाजूला किती ढळते. लाल चकती आहे डिस्ट्रॉयर, तिचे आकडे १२, ५, उणे १ आणि ३. पिवळी आणि निळी दोन्ही लेपर्ड. त्यांचे आकडे ६, ५, उणे २ आणि १. मग पिवळ्या-निळ्यात फरक काय? फरक छापील आकड्यांत नाही, वजनात आहे. पिवळी १७५ ग्रॅम, निळी १५० ग्रॅम.

जुनं पाच रुपयांचं जाड नाणं आठवतं? ते ९ ग्रॅमचं होतं. म्हणजे या दोन चकत्यांमध्ये तीन नाण्यांएवढासुद्धा फरक नाही. नियम असा आहे की चकतीच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजन चालतं. ड्रायव्हरचा व्यास एकवीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. गुणाकार करा, १७५ च्या आसपास उत्तर येतं. जास्तीत जास्त किती याला नियम आहे, कमीत कमी किती यावर खेळाडूला मोकळीक आहे. तरी दुकानात गेलं की हातात पहिली येते ती १७५ चीच. मीही विचारलं होतं, हलकी का नाही? दुकानातला मुलगा म्हणाला, ती लहान मुलांसाठी असते, जड चकतीच लांब जाते.

जड वस्तू लांब जाते, हे वाक्य खरं आहे का खोटं? याचं उत्तर आपल्या सगळ्यांना दहा वर्षांचे असल्यापासून माहीत आहे. शाळेमागच्या आंब्याच्या कैऱ्या पाडायला आपण दगड निवडायचो. खडा घेतला तर तो हवेतच मरायचा. मोठा धोंडा घेतला तर हातातून सुटतानाच दमायचा. मधला एक दगड असा असायचा की तो शेंड्यापर्यंत जायचा. आणि तो मधला दगड प्रत्येकाचा वेगळा होता. वर्गातल्या दांडग्या मुलांचा दगड माझ्या उपयोगाचा नव्हता, आणि माझा त्यांच्या उपयोगाचा नव्हता. कैरी मात्र सगळ्यांना एकच हवी होती.

चकतीचं गणित दगडापेक्षा थोडं वेगळं आहे, कारण दगड नुसता फेकला जातो आणि चकती उडते. विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, म्हणून जपून सांगते.

पहिली गोष्ट, उचल. चकती हवेतून जाताना हवा तिला वर उचलून धरते. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चकती खाली पडू नये यासाठी उचल तिच्या वजनाएवढी हवी. १५० ग्रॅमच्या चकतीचं वजन १७५ च्या मानानं सुमारे १४ टक्के कमी, म्हणून तिला तेवढी कमी उचल पुरते. वर्गमूळ काढा. लागणारा वेग सुमारे साडेसात टक्क्यांनी कमी येतो. समजा जड चकतीला तरंगत राहायला ताशी ६० किलोमीटर वेग हवा, तर हलकीला साडेपंचावन्नच्या आसपास पुरेल. ज्याच्या हातात वेग उदंड आहे त्याला याचं काही नाही. ज्याचा हात साठाच्या आसपासच अडकतो, त्याच्यासाठी चकती उडणं आणि पडणं यांतला हाच फरक आहे.

दुसरी गोष्ट, भोवरा. फिरत्या भोवऱ्याला बोटानं हलकेच ढोसलं तर तो ढोसलेल्या दिशेला पडत नाही, काटकोनात सरकतो. चकती हा आडवा भोवराच आहे. उजव्या हातानं, छातीसमोरून, पत्ते वाटतो तशी ती फेकली की वरून पाहताना ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. वेग जास्त असतो तेव्हा हवेची उचल चकतीच्या मध्याच्या किंचित मागे लागते, आणि भोवऱ्याच्या न्यायानं चकती उजवीकडे कलते. वेग उतरला, चकती खाली येऊ लागली, की उचलीचा बिंदू पुढे सरकतो आणि ती डावीकडे ढळते. चांगली लांब फेक म्हणजे आधी जराशी उजवीकडे, मग सरळ, मग शेवटी डावीकडे, असा लांबट नागमोडी मार्ग.

ज्याच्या हातात वेग कमी, त्याच्या फेकीत पहिला भाग येतच नाही. चकती सुटल्याबरोबर डावीकडे ढळते आणि पडते. हलक्या चकतीचा फायदा इथे दुसऱ्यांदा होतो. तिची कड हलकी, म्हणून फिरताना तिचा हट्ट कमी. तेवढ्याच हवेनं ती सुमारे १७ टक्के जास्त कलते. म्हणजे कमी वेगातही ती आधी उजवीकडे वळते आणि तो नागमोडी मार्ग पुरा करते.

तिसरी गोष्ट लोक हमखास सांगतात ती अशी, की हलकी वस्तू हातातून जास्त वेगानं सुटते. सुटते, पण फार नाही. कोपरापासून पुढच्या आपल्या हाताचंच वजन किलोच्या वर असतं. तो किलो हलवायचा आहेच. त्यात पंचवीस ग्रॅम कमी झाले तर वेग किंचितच वाढणार. लांबी वाढते ती मुख्यतः पहिल्या दोन कारणांनी.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे चकती विकणाऱ्याचं भाषण होईल. हवेचा रोध दोन्ही चकत्यांना जवळपास सारखाच, पण हलक्या चकतीत तो सोसण्याची ताकद कमी. त्याच रोधानं ती सुमारे १७ टक्के जास्त वेगानं मंदावते. म्हणून ज्याचा हात खरोखर वेगवान आहे, त्याच्यासाठी जड चकती बहुतेक वेळा बरी. हलकी त्याच्या हातून उजवीकडे उलटून जमिनीत शिरते. आणि वारा. समोरून वारा असला की हलकी चकती पतंगासारखी उंडारते. अशा वेळी पिशवीतून जड काढायची. पाठीमागून वारा असला की हलकी काढायची आणि थोडी उंच सोडायची. विक्रम करायला निघालेले लोक तर वाऱ्याची वाट पाहत बसतात. २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनिअर यांनी ३३८ मीटर चकती फेकली. त्याच वर्षी, त्याच ठिकाणी जेनिफर ॲलन यांनी १७३.३ मीटर फेकून बायकांचा विक्रम केला. मोकळं वाळवंट आणि पाठीवर जोरदार वारा, अशा जागी हे आकडे निघतात. आपल्या बागेत, झाडांच्या मधून, असले आकडे शोधायचे नसतात.

हे सगळं मी का शिकले? संयोजकांनी गुडघ्यावर बंदी घातली आहे, खांद्यावर नाही. बेचाळिसाव्या वर्षी माझा उजवा खांदा जखडला. फ्रोझन शोल्डर. चाळीस ते साठ या वयात हे दुखणं जास्त होतं, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर त्याहून जास्त. म्हणजे या सभागृहातल्या बऱ्याच जणांनी आत्ता नकळत खांदा फिरवून पाहिला असेल. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं. पाठीमागचा हुक लावता येत नव्हता. हात छातीसमोरून पलीकडे नेणं, म्हणजे नेमकी या फेकीची सुरुवात, ते तर बंदच झालं. फिजिओथेरपीनं वर्षभरात हात बराच सुटला. पण पूर्वीची ओढ परत आली नाही. दर शनिवारी सकाळी आमची सहा-सात जणींची टोळी खेळते. त्यात माझ्यानंतर खेळू लागलेल्याही पुढे गेल्या. मी प्रत्येक होलला दोन फेकी जास्त घेत होते आणि घरी येऊन बर्फ लावत होते. घरातून सल्ला आला की आता चालायला जात जा. सल्ला प्रेमाचाच होता. पण परदेशात आठवड्यातले ते तीन तासच असे होते, की त्यात मी कुणाची बायको, आई किंवा टीम लीड नव्हते. ते सोडायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी मोजायचं ठरवलं. तिकडे जवळपास प्रत्येक हायस्कूलला अमेरिकन फुटबॉलचं मैदान असतं आणि त्यावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ आखलेली असते. फीतपट्टी लागत नाही. वारा पडलेल्या तीन संध्याकाळी मी तिथे गेले. या तीनच चकत्या, प्रत्येकीच्या वीस फेकी, आलटून पालटून, म्हणजे दमल्याचा परिणाम एकीवरच पडू नये. सगळ्यात चांगली फेक धरायची नाही, मधली धरायची. लाल डिस्ट्रॉयर पन्नास मीटरच्या आसपास पडत होती, आणि दर वेळी डावीकडे. पिवळी सत्तावन्नच्या आसपास. निळी चौसष्टच्या आसपास, आणि बऱ्यापैकी सरळ. हे माझ्या हाताचे आकडे आहेत. तुमच्या हाताचे वेगळे येतील. पण त्यातला क्रम पाहा. लाल सोडून पिवळी घेतली तेव्हा वजन तेच होतं, फक्त स्पीडचा आकडा बारावरून सहावर आला, आणि तरी अंतर वाढलं. त्यानंतर वजन उतरवलं, तेव्हा तेवढंच आणखी वाढलं.

म्हणून माझ्याकडे नवीन येणाऱ्यांना मी हा क्रम सांगते. आधी स्पीडचा आकडा खाली आणा. सहा-सातच्या वर जाऊ नका. बारा-तेराची रुंद कड वेगवान हातासाठी आहे, आपल्या हातात ती नुसती डावीकडे पळते. मग वजन खाली आणा, दीडशे ते एकशे साठ. मग चकतीचं नाक तपासा. पुढची कड वर उचललेली असेल तर कुठलीही चकती वर चढते, थांबते आणि मागे पडते. हवेत ताट धरतो तशी ती आडवी सुटली पाहिजे. आणि शेवटचं म्हणजे, हलकी आहे म्हणून हात झटकू नका. कंबर वळू द्या, हात तिच्या मागून येऊ द्या. झटक्यानं खांदा वाचतो आणि कोपर जातं. पटर मात्र मी जडच ठेवला आहे. जवळून टाकताना अंतर नको असतं, वाऱ्यात न हलणं हवं असतं. सगळं हलकं करायचं नाही. जिथे वजन आपल्या कामाचं आहे तिथे ते ठेवायचं.

टोळीतल्या एकीनं मला विचारलं होतं, ही फसवणूक नाही का? मी तिला आपल्या पीटीच्या सरांची गोष्ट सांगितली. सर, आपण आज आलात, काठी टेकत आलात, म्हणून ती आपल्या समोरच सांगते.

आम्ही आठवीत होतो. शाळेत थाळी एकच होती, मोठ्या मुलांची, लोखंडी कडेची. मुलींच्या बोटांत ती बसायची नाही. गोल फिरायच्या आधीच निसटायची, आणि एकदा ती एकीच्या पायावर पडली. पुढच्या आठवड्यात अर्ध्या मुली थाळीफेकीच्या रांगेतून खो-खोच्या रांगेत गेल्या. सर काही बोलले नाहीत. एसटी स्टँडजवळच्या सुताराकडून त्यांनी आंब्याच्या लाकडाची थाळी करून आणली, कडेला लोखंडी पट्टी ठोकलेली. किराणा दुकानाच्या तराजूवर तिचं वजन पाऊण किलो भरलं. ती थाळी आमच्या हातात बसली. फिरणं जमलं, सोडणं जमलं, मग खऱ्या थाळीचीही भीती गेली. त्या वर्षी आमच्यातल्या दोघी तालुक्याला गेल्या. त्यातली एक आत्ता तिसऱ्या रांगेत बसून मान खाली घालून हसते आहे.

मोठ्या स्पर्धांचंही हेच आहे. थाळी पुरुषांची दोन किलोची, बायकांची एक किलोची. गोळा पुरुषांचा ७.२६ किलोचा, बायकांचा ४ किलोचा. भाला ८०० ग्रॅम आणि ६०० ग्रॅम. लहान गटांची वजनं त्याहून वेगळी. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. इतकंच काय, पुरुषांचा भाला फार लांब जाऊ लागला, १९८४ साली उवे होन यांनी १०४.८० मीटर फेकला, तेव्हा १९८६ पासून भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवून तो लवकर खाली येईल असा केला गेला. वस्तू माणसाला आणि मैदानाला बेतून घडवायची असते, हे खेळाच्या जगानं कधीच मान्य केलं आहे. अवघड जातं ते आपल्याला. वजन कमी केलं म्हणजे आपण कमी झालो, असं आपल्याला वाटतं. पन्नाशीकडे जाताना तर हे जास्तच वाटतं. ट्रेकला गेलो की पाठीवर तीच जुनी सॅक, व्यायामशाळेत तेच जुने डंबेल्स, आणि जमेनासं झालं की सगळं एकदम बंद. जड पेलायचं किंवा सोडून द्यायचं, याच्या मध्ये एक जागा असते. तिथे वजन आपल्या हाताचं असतं आणि अंतरही आपलंच असतं.

आता एक मागणी. दुपारच्या बैठकीत माजी विद्यार्थी निधीचा विषय आहे. कमानीचा प्रस्ताव मी वाचला. कमान सुंदर दिसेल, तिच्यावर आपल्या तुकडीचं नाव येईल, मला तिच्याविरुद्ध बोलायचं नाही. पण काल मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीनं मी क्रीडासाहित्याचं कपाट उघडून पाहिलं. थाळी आजही एकाच वजनाची आहे. गोळे दोन आहेत, दोन्ही मोठ्या मुलांचे. आज शाळेत निम्म्या मुली आहेत आणि पाचवीची लेकरंही याच मैदानावर खेळतात. कमानीच्या रकमेतून एक छोटा भाग काढून प्रत्येक वयोगटाच्या वजनाच्या थाळ्या, गोळे आणि मुलींचे भाले घ्यावेत, असा माझा प्रस्ताव आहे. यादी आणि दर मी चिटणिसांकडे दिले आहेत. कमान अर्ध्या मीटरनं बुटकी झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. हातातली थाळी अर्ध्या किलोनं हलकी झाली तर एखादी मुलगी रांग सोडून जाणार नाही.

या तीन चकत्या मी परत नेणार नाही. त्या शाळेच्या कपाटात राहतील. साखळ्यांची टोपली लागत नाही. सुरुवातीला बादली किंवा झाडाचा बुंधाही पुरतो, हेड्रिक यांचाही खांबच होता.

चहानंतर पाच वाजता मैदानावर या. या दिवसांत संध्याकाळी नदीकडून वारा येतो, म्हणून आपण पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे वारा पाठीवर मिळेल. लाल चकती ज्यांना स्वतःच्या दंडाविषयी खात्री आहे त्यांनी घ्यावी. आपल्या तुकडीतले दोघे शेतकरी आणि एक फौजदार यांच्यासाठी ती राखून ठेवली आहे, आणि ती त्यांच्या हातून माझ्यापेक्षा लांब जाईल यात मला शंका नाही. बाकी सगळ्यांनी निळी घ्या. पहिली फेक पीटीच्या सरांची. त्यांनी बसूनच टाकली तरी चालेल. आम्ही रांगेत उभे राहतो, उंचीप्रमाणे.